जोडीतली दुबळी बॅटरी

शिवथरच्या खोऱ्यात गाडी रात्री उताराला तोंड करून उभी करतात. सकाळी सेल्फ लागला नाही तर ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकून क्लच सोडायचा. कसबे शिवथर असो की कुंभे शिवथर, उतार पायाखालीच असतो. पण एअर ब्रेकमध्ये पुरेशी हवा नसताना ट्रक असा सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यापेक्षा बॅटरीकडे पाहावे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या खडीच्या ट्रकने सेल्फला नुसते ‘टक टक’ केले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबून तापवायची, तेव्हा डिझेल पेटते. एवढा दाब फिरवायला ताकद लागते, म्हणून मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट करतात.

मीटर दोन्हींवर मिळून लावला तर 24.5. चालक म्हणाला, “बॅटरी ठीक आहे, सेल्फच गेला असणार.” मग एकेकीवर लावला: एक 12.7, दुसरी 11.8. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. बेरजेने दुखणे झाकले होते. सेल्फ मारताना पहिली 10.8 वर टिकली, दुसरी 7 पर्यंत कोसळली. 9.6 च्या खाली गेली की संशय पक्का. झाकणे काढून आम्लाची घनता पाहायला हायड्रोमीटर बुडवला, तर पाच सेल 1.220 च्या आसपास आणि एकच 1.130. त्या सेलमुळे बॅटरी बसली होती.

मात्र बॅटरीला दोष देण्याआधी केबलच्या टोकांचे लग पाहावेत. आमच्याकडच्या ओलीत शिशाच्या खुंटावर हिरवट-पांढरी भुकटी धरते. सेल्फ मारताना खुंट आणि लग यांच्यात अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष त्या जोडात. सोड्याच्या पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळून पुन्हा पाहावे. नव्या बॅटऱ्यांचा खर्च कधीकधी इथेच वाचतो.

या ट्रकच्या दुखण्याचे खरे कारण केबिनमध्ये निघाले. टेप, पंखा आणि देवाची माळ 12 व्होल्टवर चालावीत म्हणून वायर एकाच बॅटरीवरून ओढली होती. ती रोज जास्त उतरायची आणि अर्धवटच भरायची. एक सेल मेला की चार्जिंगचे 28 व्होल्टही असमान वाटले जातात. दुबळीवर 13, तर चांगलीवर 15. चांगलीचे पाणी उकळते आणि तीही खराब होते. म्हणून मी जोडीच बदलायला सांगतो, एकाच बनावटीची, एकाच क्षमतेची, शक्यतो एकाच महिन्यातली. जुनीच्या शेजारी नवी बसवणे म्हणजे नवीला जुनीच्या वाटेने नेणे.

काढताना आधी चासीकडची निगेटिव्ह, बसवताना तीच शेवटी. नाहीतर पाना चासीला टेकताच ठिणगी उडते. शेजारी हायड्रोजन असतो, त्यामुळे विडी लांबच. जोडणीची केबल कुठून कुठे जाते याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. नव्या दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करूनच बसवल्या.

जुन्या बॅटऱ्या दुकानदाराने घेतल्या. 2022 च्या नियमांनुसार त्या अधिकृत पुनर्वापरासाठीच जायला हव्यात. त्यांतले आम्ल ओढ्यात ओतले, तर पाण्यासोबत शिसेही खाली जाते. आम्ही टेप-पंख्याची वायर 24 चे 12 करणाऱ्या कन्व्हर्टरला जोडली आणि दोन्ही नव्यांवर तारीख पांढऱ्या रंगाने लिहिली.