चौदा काठ्यांचा लघुउद्योग

गोल्फ म्हटले की आमच्या अंबरनाथ एमआयडीसीत टीव्हीवरची हिरवळ आणि निवांत चालणारे साहेब एवढेच डोळ्यांपुढे येते. पण ज्याचे नाव क्रीडापानावर कधी छापून येत नाही अशा साध्या व्यावसायिक गोल्फपटूचा वर्षाचा हिशेब मांडा. आनंदनगरच्या जॉबवर्क करणाऱ्या गाळेवाल्याला तो चहा संपायच्या आत समजेल. भांडवल स्वतःचे, अवजारेही स्वतःची; नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब. प्रवास, मुक्काम, प्रवेशशुल्क, कॅडीची मजुरी हा सगळा खर्च आधी. आणि लॉट रिजेक्ट झाला तर हाती काहीच नाही.

हे रिजेक्शन म्हणजे ‘कट’. भारतातली मुख्य व्यावसायिक मालिका २००६ साली स्थापन झालेली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, चालवते. सामना सहसा चार दिवसांचा, रोज १८ होल. शंभरावर खेळाडू उतरतात आणि दोन दिवसांनंतर साधारण वरचे ५० आणि त्यांच्या बरोबरीतले तेवढे पुढे जातात. बाकीचे दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत बोर्डाकडे बघत थांबतात आणि मग परतीचे तिकीट शोधतात. एका फटक्याने कट गेलेला आणि दहा फटक्यांनी गेलेला, दोघांची कमाई सारखीच: शून्य. एक कोटी रुपये बक्षिसाच्या सामन्यात विजेत्याला सुमारे १५ लाख मिळतात. पण कट कसाबसा गाठलेल्याच्या वाट्याला जे येते त्यात आठवड्याचा खर्च निघाला तरी पुष्कळ. वर्षअखेर कमाईच्या क्रमवारीत पहिल्या ६० जणांत राहिलात तर पुढच्या हंगामाचे कार्ड, म्हणजे खेळण्याचा हक्क, टिकते. नाहीतर पुन्हा क्वालिफाइंग स्कूल. नाव शाळेचे, पण शिकवत कोणी नाही. ती निव्वळ परीक्षा आहे.

मुख्य मालिकेत जागा न मिळालेल्यांना सामने मिळावेत म्हणून पीजीटीआयने आधी फीडर टूर काढली आणि अलीकडे नेक्सजेन नावाची दुय्यम मालिका. तिथे बक्षीस कमी आणि प्रेक्षक तर जवळजवळ नाहीतच. तरीही ही पायरी लागतेच, कारण सरावात मारलेला शॉट आणि कटच्या रेषेवर उभे राहून मारलेला शॉट यांत फार फरक असतो. तो फरक रोज चेंडू मारून भरून निघत नाही. त्यासाठी सामनेच खेळावे लागतात.

अमेरिकेत हीच सोय १९९० साली बेन होगन टूर या नावाने सुरू झाली. प्रायोजक बदलत गेले तशी नावेही बदलली, आज ती कॉर्न फेरी टूर आहे. कोलकात्याच्या अर्जुन अटवालने तिथे २००८ साली सामना जिंकला होता. २०१० च्या उन्हाळ्यात पीजीए टूरवरचे, म्हणजे तिथल्या मुख्य मालिकेवरचे, त्याचे कार्ड गेले. ऑगस्टमध्ये विंडम चॅम्पियनशिपसाठी तो सोमवारच्या पात्रता फेरीतून आत आला आणि रविवारी ती स्पर्धाच जिंकून बसला. पीजीए टूरवर जिंकणारा तो पहिला भारतीय. अशी गोष्ट एकदा घडते आणि तिच्या जोरावर मागचे शेकडो जण आणखी एक वर्ष कर्ज काढतात, हेही खरे.

पीजीटीआयच्या हंगामाचा नकाशा पाहताना मला आपला औद्योगिक इतिहास दिसतो. डिसेंबरमधली शेवटची मोठी स्पर्धा जमशेदपूरला, टाटांच्या बेल्डी आणि गोलमुरी मैदानांवर. एक मुक्काम आसामात दिग्बोईला, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या गावी. जिथे एका कंपनीने अख्खे शहर वसवले तिथे दवाखाना, शाळा यांबरोबर साहेबांसाठी गोल्फचे मैदानही आले. १९६२ नंतर एमआयडीसीने मात्र भूखंड पाडून दिले, ज्याने त्याने आपापली शेड उभारली. मैदानाचा खर्च त्यात कोण धरणार? आमच्या बाजूला, डोंगरापलीकडे, सिडकोचे खारघरचे मैदान २०१२ साली झाले. तिथे क्लबचे सभासद नसतानाही फी भरून खेळता येते. पण शिफ्ट करून तिथे रोज पोचणे आमच्याकडच्या पोराला कसे जमावे?

मुंबईत या खेळाची दुसरी वाट चेंबूरमधून निघते. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. भोवतालच्या वस्त्यांतली मुले तिथे कॅडी म्हणून बॅगा उचलायची. मैदानावर खेळायची मुभा मर्यादित, म्हणून त्यांनी सळई वाकवून क्लब केले आणि प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन गल्लीबोळांत, गटारे आणि पत्रे चुकवत खेळ मांडला. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाती यांनी त्याचे फोटो काढले तेव्हा जगाला कौतुक वाटले. मला त्या फोटोंपेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो: या मुलांतले काही पीजीटीआयवर व्यावसायिक म्हणून उतरले. पत्र्याच्या दोन शेडमधून चेंडू काढणाऱ्याला अरुंद फेअरवेची भीती कशाला वाटेल? पण चार दिवसांच्या स्पर्धेसाठी चंदीगडला जायचे तर भाडे लागते, आणि तिथे हातातले कसब कामाला येत नाही.

देशातल्या मालिकेवर टिकून राहणाऱ्यांचे कधी कधी उशिरा फळतेही. महू म्हटले की आपल्याला बाबासाहेब आठवतात. त्याच महूचे मुकेश कुमार देशातले शंभराहून अधिक सामने जिंकले, पण आशियाई टूरवरचे पहिले विजेतेपद त्यांना २०१६ साली पॅनासॉनिक ओपनमध्ये मिळाले. तेव्हा वय ५१. पुण्याचा उदयन माने पीजीटीआयवर जिंकत क्रमवारीत चढला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली तेव्हा टोकियो ऑलिंपिकची रिकामी झालेली जागा त्यालाच मिळाली.

२०२५ पासून इंडियन गोल्फ प्रीमियर लीग ही वेगळी मालिका उभी राहिली आणि काही नामवंत तिकडे गेले. वर्तमानपत्रांनी ते दोन संघटनांचे भांडण म्हणून छापले. पण क्रमवारीत एकसष्टाव्या जागेवर अडकलेल्यासाठी वरचा प्रत्येक जाणारा म्हणजे एक मोकळी होणारी खुर्ची, आणि त्याने ती बातमी नक्कीच दोनदा वाचली असेल.