नमुन्याची मूठ

नातवाने यंदा बारावीनंतर प्रॉडक्ट डिझाइन, म्हणजे वस्तुरचनेचे शिक्षण, घेण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा पेढीचे पुढे काय, हीच चिंता प्रथम मनात आली. परंतु बडोदेकरांस ही विद्या परकी नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापिले, ते हातच्या कौशल्यास शास्त्राची जोड मिळावी म्हणूनच. पुढे १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारास दिलेल्या अहवालात आपला साधा लोटा उत्तम रचनेचा नमुना म्हणून गौरविला; १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय संस्था निघाली. मुंबईच्या आय.आय.टी.तील केंद्र १९६९ चे. दोहोंच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या. बारावीची शाखा मात्र कोणतीही चालते.

व्यापारीबंधूंनो, पोत्यावरील छाप पाहून आपण सौदा करीत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतो. तद्वतच संस्थेच्या नावास व इमारतीस भुलू नये. कार्यशाळा पाहावी, विद्यार्थ्यांनी स्वहस्ते घडविलेल्या वस्तू हाताळाव्यात, त्या कोणाची अडचण दूर करतात, हे विचारावे.

नातवास मी रुकार दिला आहे. ज्या तराजूवर आमच्या पिढ्या जगल्या, तोही कोणीतरी रचलाच होता.