गुणवत्ता मंडळ

गुणवत्ता मंडळ किंवा क्वालिटी सर्कल म्हणजे एकाच विभागात सारख्या प्रकारचे काम करणाऱ्या कामगारांनी, कामातील अडचणी स्वतः शोधून सोडविण्यासाठी स्वेच्छेने स्थापन केलेला लहान गट होय. त्यात साधारणतः ६ ते १० सदस्य असतात. मंडळाच्या बैठका नियमितपणे, बहुधा आठवड्यातून एकदा होतात. गटप्रमुख हा मंडळाचा कणा मानला जातो.

इतिहास

ही संकल्पना जपानमध्ये १९६२ साली रूढ झाली. जपानी शास्त्रज्ञ व अभियंता संघाच्या पुढाकारातून आणि काओरू इशिकावा यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा प्रसार झाला. भारतात तिची सुरुवात भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबादजवळील रामचंद्रपुरम कारखान्यात १९८०च्या सुमारास झाली. त्यामागे एस. आर. उडपा यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली.

गटप्रमुखाची भूमिका

गटप्रमुखाने स्वतः उत्तर सांगणे अपेक्षित नसते. सर्वांना बोलते करणे, चर्चा माणसावरून कामाच्या पद्धतीकडे वळविणे, सदस्यांना माहिती नोंदविण्यास शिकविणे आणि मंडळाचे म्हणणे व्यवस्थापनापुढे मांडणे ही त्याची प्रमुख कामे होत. दोष आपल्यावर येईल या भीतीने कामगार चूक लपवितो आणि खरे कारण दडून राहते. म्हणून ही भीती दूर करणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

कार्यपद्धती

नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत यंत्रभाग तयार करणारे अनेक लहान-मोठे कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यात पोलादी भागांना पाडलेली भोके मापापेक्षा मोठी होऊन माल नाकारला जात आहे, असे समजू. 'कामगार निष्काळजी आहेत' हा निष्कर्ष सोपा असतो. तो टाळून गटप्रमुख प्रत्येक नाकारलेल्या भागाची पाळी, यंत्र आणि वापरलेले ड्रिल यांची नोंद ठेवण्यास सांगतो. पुढे माणूस, यंत्र, साहित्य व पद्धत अशा शाखांमध्ये संभाव्य कारणे मांडली जातात. या माशाच्या सांगाड्यासारख्या आकृतीला इशिकावा आकृती म्हणतात.

बहुतेक सदोष भाग नव्याने धार लावलेल्या ड्रिलचे आहेत, असे नोंदींतून दिसले, तर 'का?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. भोक मोठे का होते? ड्रिलच्या दोन्ही कडा असमान आहेत म्हणून. त्या असमान का? धार हाताने, नजरेच्या अंदाजाने लावली जाते म्हणून. अंदाजाने का? तपासण्यासाठी गेज उपलब्ध नाही म्हणून. येथे उपाय कामगाराला दटावण्यात नसून गेज पुरविण्यात आहे. त्यानंतर पुन्हा तितक्याच दिवसांच्या नोंदी घेऊन फरक पडताळला जातो आणि नवी पद्धत लेखी स्वरूपात कायम केली जाते.

मर्यादा

व्यवस्थापनाने सूचनांना वेळेवर उत्तर दिले नाही, तर सदस्यांचा उत्साह ओसरतो व बैठका केवळ उपचार ठरतात. केवळ स्पर्धेतील पारितोषिकासाठी प्रकल्प करणे, कंत्राटी कामगारांना वगळणे आणि कामाच्या वेळेबाहेर विनामोबदला बैठका घेणे यांमुळेही मंडळाचा हेतू विफल होतो. यंत्रखरेदी किंवा वेतन यांसारखे प्रश्न मंडळाच्या कक्षेबाहेरचे असतात. ते योग्य ठिकाणी पोहोचविणे एवढेच गटप्रमुखाच्या हाती असते.