शस्त्रक्रियेनंतर वजन थांबते तेव्हा

स्थूलत्वावरील शस्त्रक्रिया हा विषय आता सोलापूरकरांना नवा राहिलेला नाही. २०११ साली श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतल्यानंतर मराठी घरांतून तिची चर्चा होऊ लागली. आपल्याकडील काही रुग्ण पुण्या-मुंबईस जाऊन ती करून घेतात व पुढील तपासणीसाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. मात्र नोंदवहीतील काही नावे सहा-आठ महिन्यांनी मध्येच खंडित होतात. चौकशी करता बहुधा एकच उत्तर मिळते : "काटा हलेना, मग डॉक्टरांना कोणत्या तोंडाने भेटायचे?" हा संकोच दूर व्हावा म्हणून आमचे डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्याशी चर्चा करून हे टिपण सादर करीत आहोत.

शस्त्रक्रिया जठराचा मोठा भाग काढून टाकणारी 'स्लीव्ह' असो वा 'बायपास', वजन सरळ रेषेत उतरत नाही. आरंभी शरीरातील साखरेचा साठा व त्यासोबतचे पाणी निघून जाते, म्हणून घट वेगाने दिसते. पुढे चरबी वापरली जाऊ लागते, पाण्याचा समतोल सावरतो आणि बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा काही दिवस थांबतो. हा थांबा आपोआप सुटतो.

नंतरच्या थांब्याचे कारण आम्हा हिशेबाच्या माणसांना जमाखर्चाच्या भाषेत उमगले. देह हलका झाला की त्याचा रोजचा खर्च घटतो. स्नायू झिजले तर तो आणखी घटतो. खर्च कमी होत जमेइतका झाला की वजन स्थिरावते. बारा ते अठरा महिन्यांनंतरचा थांबा हा पुष्कळदा शरीराचा नवा समतोलच असतो. ते अपयश नव्हे.

तरीही जमेची बाजू तपासावी. लहान झालेल्या जठरातून पातळ पदार्थ चटकन पुढे सरकतात. त्यामुळे गोड चहा, उसाचा रस, सरबत यांनी पोट भरल्यासारखे वाटत नाही. कडक भाकरीसोबतची आपली शेंगाचटणी पौष्टिक खरी, परंतु १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. येता-जाता मूठभर खाण्याची नोंद कोणी ठेवीत नाही. उलट प्रथिने दिवसाकाठी किमान ६० ग्रॅम पोटात जावीत. डाळ, दही, पनीर, अंडी हे जेवणात आधी खावे, भाकरी नंतर. सिद्धेश्वर तलावाकाठी फिरणे उत्तमच. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. वजन रोज न करता आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर करावे व कंबरेचे मापही लिहून ठेवावे. थायरॉइडचा विकार, अपुरी झोप व काही औषधे यांमुळेही घट अडते. त्याचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा आहे.

खरा धोका काटा थांबण्यात नसून रुग्णाने येणे थांबवण्यात आहे. तपासणीबरोबर गोळ्याही सुटतात. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची उणीव गुपचूप वाढते आणि रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, हाडांचा ठिसूळपणा ही दुखणी मागे लागतात. निराशेपोटी उपवास केल्यास स्नायू अधिकच झिजतात. वारंवार उलट्या होत असतील तर एक दिवसही थांबू नये.

म्हणून आमची नम्र विनंती आहे : वजन उतरले असो वा नसो, ठरल्या तारखेस अवश्य यावे. आमच्या नोंदवहीत गुण दिले जात नाहीत. तेथे फक्त पुढची तारीख लिहिली जाते.