ऑडिटर बदलला म्हणजे हिशेब खरा झाला का?

घरखर्चातून वाचवलेला पैसा आपण शेअरमध्ये, म्युच्युअल फंडात किंवा बँकेत ठेवतो. कंपनीची खातेवही बघायला काही आपण जात नाही. ते काम ऑडिटरचं, आणि त्याच्या सहीवर आपण भरवसा टाकतो. शरीयतच्या निकषांवर शेअर निवडणारी मंडळीसुद्धा कर्जाचे आणि व्याजाचे आकडे याच ताळेबंदातून घेतात. आकडाच खोटा असेल, तर सगळी निवड फुकट.

७ जानेवारी २००९ रोजी हेच घडलं. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नाही. ऑडिटरची सही मात्र दरवर्षी होत होती. वर्षानुवर्षे एकच ऑडिटर असला की ओळख वाढते, कंपनीकडून मिळणारी फी मोठी होते आणि अडचणीचे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, ही शंका तेव्हा जोरात पुढे आली.

म्हणून कंपनी कायदा २०१३ मध्ये कलम १३९ आलं. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांत एकट्या ऑडिटरला सलग ५ वर्षे, तर ऑडिट फर्मला जास्तीत जास्त १० वर्षे राहता येतं. त्यानंतर ५ वर्षे त्याच कंपनीत परत येता येत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम आणखी कडक आहे : ३ वर्षे काम, मग ६ वर्षे बाहेर. नागरी सहकारी बँकाही यात येतात.

पण याला दुसरी बाजू आहे. नव्या ऑडिटरला कंपनीचा धंदा, गोदामं, उपकंपन्या समजायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत असं आढळलं, की फसव्या हिशेबांची शक्यता ऑडिटरच्या पहिल्या तीन वर्षांत जास्त असते. तिथे फर्म बदलण्याची सक्ती नाही; प्रमुख भागीदार तेवढा ५ वर्षांनी बदलावा लागतो.

आम्हाला वाटतं, मुदतीचा नियम हवाच, पण तो पुरेसा नाही. जुना ऑडिटर ओळखीपायी गप्प बसू शकतो, तर नवा माहितीअभावी फसू शकतो. खरा फरक पडतो तो बँकेतली शिल्लक कंपनीने दिलेल्या कागदावरून न मानता थेट बँकेकडून तपासून घेण्याने.

आपण काय करायचं? वार्षिक अहवालात तीन गोष्टी बघा. ऑडिटर कधीपासून आहे? मुदत संपण्याआधीच त्याने राजीनामा दिला का, आणि दिला असेल तर कारण काय? अहवालात त्याने काही आक्षेप नोंदवलाय का? एवढं वाचायला अर्धा तास पुरतो. आयुष्यभराच्या बचतीसाठी तेवढा वेळ काढायलाच हवा.