रबिलावलची नववी

२०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे नेला आणि राज्य सरकारने सुट्टी २९ तारखेला हलवली. २०२४ आणि २०२५ मध्येही विसर्जनासाठी जुलूस पुढे गेला. सलोख्याची बातमी सगळ्यांनी छापली, आणि ती छापण्याजोगीच होती. पण सलग तीन वर्षे असे का घडावे, हे कोणी विचारले नाही. उत्तर आपल्या पंचांगातच आहे. एक अधिक महिना झाला की पुढचा येईपर्यंत आपले चांद्र महिने आणि हिजरी महिने जोडीने चालतात. २०२३ च्या अधिक श्रावणाने भाद्रपद आणि ईद-ए-मिलादचा महिना रबीउल अव्वल यांची जोडी लावली, २०२६ चा अधिक ज्येष्ठ ती मोडतो आणि रबीउल अव्वल श्रावणात जातो. २०२९ च्या अधिक चैत्रानंतर तो आषाढात येईल. त्या वर्षी ईद-ए-मिलाद आषाढी एकादशीच्या अगदी लगत असेल.

रबीउल अव्वलचा नाद मला पेशवे दप्तरातल्या कागदांनी लावला. तिथे तो ‘रबिलावल’ असतो, तारखेआधी ‘छ’ असतो आणि वर्ष सुहूर सनाचे, अरबी अंकशब्दांत. महिना चंद्राचा आणि वर्ष मात्र मृगाला सुरू होणारे, म्हणजे सूर्याचे! शेतसाऱ्याला निव्वळ चांद्र वर्ष चालत नाही, ते ऋतूंना सोडून दरवर्षी अकरा दिवस मागे सरकते. दख्खनच्या दप्तरांनी वर्ष सूर्याकडून आणि महिना चंद्राकडून घेऊन हा प्रश्न सोडवला, आणि शतकानुशतके त्यावर कारभार चालला. जंत्री उघडून या तारखा लावताना वाटायचे, आपल्यासारखा अधिक महिना अरबांकडे कधी होता का? त्याचा माग काढत गेलो आणि एका इजिप्शियन ज्योतिर्विदापाशी येऊन थांबलो.

महमूद पाशा अल-फलकी. जन्म १८१५. नाईलच्या मुखाजवळच्या प्रदेशातल्या एका खेड्यातला मुलगा, कैरोजवळच्या बुलाकच्या अभियांत्रिकी शाळेत शिकला, तिथेच शिकवू लागला आणि १८५० मध्ये सरकारने त्याला पॅरिसला पाठवले. तिथे तो नऊ वर्षे राहिला. परतल्यावर त्याने इजिप्तचा नकाशा केला. १८६० च्या जुलैतले सूर्यग्रहण पाहायला तो सुदानमधल्या डोंगोल्यापर्यंत गेला. तिसऱ्या नेपोलियनला सीझरवर लिहायचे होते, म्हणून खेदिव इस्माईलने त्याच्याकडून प्राचीन अलेक्झांड्रियाचे उत्खनन करून घेतले. त्या शहराचा त्याने काढलेला नकाशा पुरातत्त्वज्ञ आजही उघडतात. पुढे तो मंत्री झाला, १८८५ मध्ये वारला. पण मला तो हवा आहे १८५८ चा, पॅरिसच्या ‘जुर्नाल आझियातिक’मध्ये निबंध छापणारा. विषय होता इस्लामपूर्व अरबी कालगणना आणि पैगंबरांची जन्मतारीख.

निबंधामागे एक वाद होता. त्याच नियतकालिकात १८४३ मध्ये कोसँ द पर्सव्हाल या फ्रेंच अरबीतज्ज्ञाने मांडले होते की मक्केचे अरब दर तीन वर्षांनी एक महिना वाढवत. त्याच्या बाजूला आधार भक्कम दिसतो. महिन्यांची कित्येक नावे ऋतूंवरून पडली आहेत, आणि ऋतू हातचे सुटू द्यायचे असते तर ती नावे ठेवलीच कशाला असती? शिवाय अल्-बिरूनी साक्षीला आहे. इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या कालगणनेच्या ग्रंथात तो सांगतो, की अरबांनी महिना वाढवण्याची युक्ती ज्यूंकडून घेतली आणि किनाना टोळीतले वंशपरंपरागत जाणकार हजच्या मेळ्यात तिची घोषणा करत. याच बिरूनीने पुढे भारतावरच्या ग्रंथात आपला अधिमास समजावून दिला. दोन्ही रीती इतक्या जवळून पाहिलेला दुसरा साक्षीदार मिळणे कठीण.

अरबांच्या त्या प्रथेला ‘नसी’ म्हणत. कुराणाच्या नवव्या सूरेत तिचा निषेध आहे, आणि हिजरी १० मधल्या अखेरच्या हजच्या वेळी पैगंबरांनी वर्ष बारा महिन्यांचेच असल्याचे जाहीर केले. पण नसी म्हणजे नेमके काय, यावर जुन्या भाष्यकारांचेही एकमत नाही. काहींच्या मते तो अधिक महिना. इतरांच्या मते तो लढाईबंदीच्या महिन्याची अदलाबदल, म्हणजे सलग तीन महिने लुटालूट थांबवणे जड जाते म्हणून मुहर्रमचे पावित्र्य सफरवर ढकलायचे. या दुसऱ्या अर्थाने महिन्यांची संख्या बाराच राहते.

महमूदने शब्दांचा कीस पाडला नाही. त्याने आकाश गाठले. पैगंबरांचा मुलगा इब्राहीम तान्हेपणीच वारला, त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले होते. लोक म्हणू लागले, मुलाच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. पैगंबरांनी ते साफ नाकारले. सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या खुणा आहेत, कोणाच्या मरणाने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी लोकांना सांगितले. पोटचा मुलगा गेलेल्या दिवशी बापाने हे बोलावे, यापाशी मी दरवेळी थांबतो. हदीसच्या संग्रहांत हा प्रसंग आहे, आणि ग्रहणाला तारीख देता येते. महमूदने गणित केले. मदिनेत सकाळी दिसलेले ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे, सोमवारचे. हिजरी १० चा शव्वाल संपत होता.

एका जुन्या परंपरेत इब्राहीमच्या मृत्यूची तारीख रबीउल अव्वलची दहावी, मंगळवार, अशी दिली आहे. पंचांग पाहणाऱ्या माणसाला यातली अडचण सांगावी लागत नाही. सूर्यग्रहण अमावास्येलाच लागते, चांद्र महिन्याच्या दहाव्या दिवशी कधीच नाही. म्हणजे वार, तारीख आणि महिना तिन्ही बिनचूक वाटतील अशी नोंदही चुकलेली असू शकते. सनावळीवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

दुसरा टेकू मदिनेच्या आगमनाचा. पैगंबर तिथे आले तेव्हा ज्यूंचा उपवास चालू होता, या कथनावरून महमूदने तो दिवस ज्यूंच्या तिश्री महिन्याची दहावी धरला, म्हणजे २० सप्टेंबर ६२२, सोमवार, रबीउल अव्वलची आठवी. पैगंबरांचे निधन हिजरी ११ च्या रबीउल अव्वलमध्ये, रूढ तारखेने ८ जून ६३२ ला. आता आपल्या पद्धतीने मोजून पाहा. या दोन रबीउल अव्वलांमध्ये दहा वर्षे आहेत आणि चंद्राचे महिने भरतात बरोबर १२०. आपल्या चालीने अधिक महिने धरले असते तर ते १२३ किंवा १२४ झाले असते. निष्कर्ष असा, की या दहा वर्षांत कोणी महिना वाढवला नाही.

इथपर्यंत मी महमूदबरोबर आहे. पुढच्या पायरीला मात्र अडतो. हीच चाल मागे पैगंबरांच्या आयुष्याची त्रेसष्ट चांद्र वर्षे ताणून, त्यात गुरू-शनीच्या युतीची ज्योतिष्यांमधली परंपरा मिसळून, तो जन्मतारखेवर पोचतो. जन्म सोमवारचा यावर बहुतेक कथने सहमत. तारखा बहुतेक आठपासून बारापर्यंत वेगवेगळ्या. त्यांत सोमवार पडतो तो फक्त नवव्या तारखेला: ९ रबीउल अव्वल, २० एप्रिल ५७१. गणित देखणे आहे. पण शेवटच्या दहा वर्षांत अधिक महिना नव्हता, म्हणून आधीच्या त्रेपन्न वर्षांतही नव्हता, हे सिद्ध होत नाही. त्या काळात महिने वाढवले गेले असतील तर सगळा हिशेबच सरकतो. आणि पैगंबर आले तेव्हा उपवास चालू होता याचा अर्थ ते नेमके उपवासाच्याच दिवशी आले, असा होत नाही. खुद्द बिरूनीनेही ही सांगड अमान्य केली होती.

तरी नववी तारीख फार दूर गेली. फ्रेंच निबंधाचे अरबी भाषांतर अहमद झकी यांनी केले, ते बुलाकला हिजरी १३०५ मध्ये छापले गेले. आझमगढचे शिबली नोमानी यांनी उर्दूतल्या आपल्या पैगंबरचरित्रात महमूद पाशा फलकींचा हवाला देऊन हीच तारीख घेतली. आझमगढ जिल्ह्यातलेच सफीउर्रहमान मुबारकपुरी यांच्या ‘अर्रहीकुल मख्तूम’ या पैगंबरचरित्राला मक्केच्या ‘राबिता’ या जागतिक मुस्लिम संघटनेच्या स्पर्धेत १९७९ मध्ये पहिले पारितोषिक मिळाले, आणि त्यातही नववीच आहे. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून जुलूस मात्र बाराव्या तारखेच्या ईदचा निघतो, शिया परंपरा सतरावी मानते, आणि श्रद्धेच्या दिवसाला गणिताची परवानगी लागत नाही.

माझे म्हणणे चरित्रे लिहिणाऱ्यांशी आहे. ग्रहणाचा २७ जानेवारी ६३२ हा दिवस निर्धास्त छापा, तो आकाशाने दिलेला आहे. २० एप्रिल ५७१ छापताना मात्र तो महमूद पाशांचा तर्क आहे, असे त्यांच्या नावासकट लिहा. पॅरिसमध्ये बसून त्यांनी घेतलेल्या कष्टांचे श्रेय त्यांना मिळेल, आणि त्या तर्कामागे काय गृहीत धरले आहे हे वाचकालाही कळेल.