विळीची धार आणि पांढरा दगड

वैशाखांत रत्नागिरीकडील घरांत विळीला उसंत नसते. सकाळीं लोणच्याच्या कैऱ्या, दुपारीं फणसाची भाजी, सायंकाळीं मिरकरवाड्याहून आलेली मासळी, आणि मधून मधून पाहुण्यांपुढें ठेवावयाच्या हापूसच्या फोडी. या सर्वांचा भार एका वीतभर पात्यावर पडतो. तें पातें बोथट झालें कीं प्रथम फळाचा लगदा होतो आणि मग केव्हां तरी बोट कापतें. बोथट विळी निरुपद्रवी, ही समजूत अगदीं चुकीची आहे. धारदार पात्यावर हात हलका राहतो. बोथट पात्यावर अंगाचा जोर द्यावा लागतो, आणि कैरी निसटली कीं तो सारा जोर बोटावर येतो.

धार म्हणजे पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथें एकमेकींस मिळतात ती रेषा. ती जितकी बारीक तितकें पातें तीक्ष्ण. बाठ्यावर किंवा माशाच्या कांट्यावर आपटून ही रेषा वाकते, वाटोळी होते. कोंकणांत तिला आणखी एक शत्रु आहे. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि बारमाही खारी हवा यांत साध्या पोलादास गंज चढावयास वेळ लागत नाहीं, आणि कड सर्वांत पातळ म्हणून तीच आधीं गंजते. कैरीचा किंवा कोकमाचा आंबट रस रात्रभर तसाच राहिला तर पाहावयासच नको. श्रावणांत माळ्यावरून काढलेली विळी न वापरतांहि बोथट निघते, तें यामुळें.

या दुखण्यावर आजवर दोन उपाय चालत आले. एक विहिरीजवळचा काळवत्री दगड. अंगणांत सगळीकडे पसरलेला जांभा या कामीं निरुपयोगी, कारण तो सच्छिद्र आणि मऊ. काळवत्रीवर कोयता चांगला लागतो, पण सुरीची धार ओबडधोबडच राहते. दुसरा उपाय म्हणजे सराण घेऊन दारावर येणारा शिकलगार. सराणीच्या ठिणग्या पाहावयास मुलें जमतात, परंतु त्या ठिणग्यांतच धोका असतो. पोलाद तापवून एकदम थंड केल्यानें आणि नंतर पुन्हां बेतानें तापविल्यानें त्यास कठीणपणा येतो. लोहार यालाच पाणी देणें म्हणतात. सराणीवर कड तीनशें अंशांच्या आसपास तापली कीं ती निळसर पडते आणि तेवढ्या भागाचें पाणी उतरतें. अशी धार त्या दिवशीं झगझगते आणि थोड्याच दिवसांत जाते. जाणता शिकलगार पातें वारंवार पाण्यांत बुडवितो आणि हलकेंच टेकवितो. दोष त्याच्या कलेचा नव्हे. परंतु दर महिन्यास विळी सराणीवर धरण्याचा हौशी प्रकार मात्र सासूकडून सुनेकडे आलेलें पातें पाहतां पाहतां बोटभर करून टाकतो.

अलीकडे सिरॅमिक या नांवानें जो पांढरा, गुळगुळीत, वितीएवढा दगड मिळतो, त्याचा उपयोग येथें होतो. नांवावरून तो बरणीच्या चिनी मातीचा वाटतो, पण त्याचा मुख्य घटक अॅल्युमिनियम ऑक्साइड. त्याचे अतिसूक्ष्म कण दीड हजार अंशांच्या वर भाजून एकजीव केलेले असतात. निसर्गांत हाच पदार्थ कुरुंद म्हणून सांपडतो, आणि रंगीत व पारदर्शक झाला कीं माणिक व नीलम म्हणून मिरवतो. इंग्रजांनीं घेतलेलें कोरंडम हें नांवहि तमिळ कुरुंदम्‌वरून आलेलें आहे. कठीणपणाच्या मोजणींत हिऱ्यास दहा, तर यास नऊ. पोलाद पुष्कळच खालीं. म्हणून साध्या दगडाप्रमाणें यास मध्यें खळगा पडत नाहीं, आणि त्यास तेल लागत नाहीं कीं पाणी. बरणीच्या किंवा कपाच्या बुडाशीं झिलई नसलेली जी खरखरीत कड असते तिच्यावर सुरी फिरविणाऱ्या गृहिणी या युक्तीचीच धाकटी आवृत्ति वापरीत आल्या आहेत.

खरी मेख कोनांत आहे. घरगुती सुरीस प्रत्येक बाजूस पंधरा ते वीस अंश पुरे. डोळ्यांनीं तो धरवत नसेल तर धारेच्या उतारावर काजळाचें बोट ओढावें आणि सुरी दगडावर एकदां फिरवावी. काजळ अगदीं कडेपर्यंत निघालें तर कोन बरोबर; वरच्या अंगासच निघालें तर सुरी फार निजली आहे. मग दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा बेतानें, धार पुढें ठेवून, मुठीपासून टोंकापर्यंत सुरी ओढावी. एकदां या बाजूनें, एकदां त्या. दाब सुरीच्या वजनाएवढाच असावा. बहुतेकांची चूक येथेंच होते. जोर दिल्यानें दगड अधिक कापीत नाहीं, उलट बारीक कड दुमडते. धार उजेडाकडे धरून पाहावी. बोथट जागा पांढऱ्या रेघेसारखी चमकते, तीक्ष्ण धार दिसतच नाहीं. बोटानें परीक्षा कशाला? टोमॅटोची साल पुरे.

विळीस मात्र उलट करावें लागतें. पातें उभें आणि स्थिर, म्हणून पाट पायाखालीं दाबून अरुंद दगडच हातांत धरून फिरवावा, आणि बोटें नेहमीं दगडाच्या मागें ठेवावीं. रुंद दगड पात्याच्या बांकावर नीट बसत नाहीं.

कांहीं दिवसांनीं दगडावर करड्या रेघा उमटतात. तें पोलाद त्याच्या छिद्रांत भरलेलें असतें. राख आणि नारळाच्या शेंडीनें घांसलें कीं दगड पुन्हां पांढरा होतो. जमिनीवर पडला तर मात्र त्याचे दोन तुकडे होतात. आणि हा दगड शेवटचा हात देणारा आहे. पात्यास खांडे पडले असतील तर यावर तासभर घांसूनहि भागत नाहीं. तेथें भरड दगड किंवा तो शिकलगारच हवा. विळीच्या टोंकाच्या खवणीस तर हा दगड लावूंच नये. तिच्या दांतांस बारीक त्रिकोणी कानस लागते.